एप्रिलमधला वीकेंड, गाडी आणि सासू-सासरे: नेदरलँड्समध्ये क्युकेनहॉफपलीकडे काय दाखवावं?

रानजाई (धागाकर्ती), ११ मार्च

नमस्कार मंडळी. आम्ही आम्स्टेलवीनला असतो. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात सासू-सासरे येताहेत, दोघंही पहिल्यांदाच युरोपात. राहणार महिनाभर, पण नवऱ्याच्या ऑफिसच्या धबडग्यात मोकळा म्हणावा असा एकच वीकेंड हाती लागतोय. गाडी भाड्यानं घेऊन शनिवार-रविवार बाहेर पडायचं नक्की केलंय, कुठे ते ठरत नाहीये.

माहिती अशी: आईंचे गुडघे दुखतात, फार चालणं नको. नाना (सासरे) पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत, नोकरीचा बराच काळ उजनीवर. त्यांना फुलं दहा मिनिटं पुरतात, पुढे "हे पाणी कुठून आलं, जातं कुठे" सुरू होतं. दोघं शुद्ध शाकाहारी. लेक सात वर्षांची.

जुने धागे चाळले. सगळीकडे कॅनॉल क्रूझ, माद्युरोडॅम (छोट्या प्रतिकृतींचं शहर) आणि पवनचक्कीसमोर लाकडी बुटात फोटो. तेवढं ट्राम-ट्रेननं होईल. गाडी हातात असताना काय करावं, ते जाणकारांनी सांगा.

साखरआंबा, ११ मार्च

क्युकेनहॉफला नाकं मुरडायची फॅशन आलीय, पण पहिल्यांदा येणाऱ्या माणसांना ते दाखवायलाच हवं. ३२ हेक्टर बाग, दर वर्षी जवळपास ७० लाख कंद हातानं लावतात आणि उघडी जेमतेम आठ आठवडे. माझ्या आईला तिथून बाहेर काढताना नाकी नऊ आले होते.

फक्त वीकेंडला जाऊ नकोस. मधल्या वारी जा, सकाळी आठला उघडतं तेव्हाच आत शिर. दहा-साडेदहानंतर टूरच्या बसेस रिकाम्या व्हायला लागतात, मग फुलं कमी आणि सेल्फी-स्टिक जास्त. तिकीट वेळेच्या स्लॉटसकट ऑनलाइनच काढावं लागतं. स्खिपोल विमानतळाहून थेट बस आहे, त्यामुळे नवऱ्याच्या रजेवर अडून राहू नकोस. आत रस्ते सपाट आहेत, जागोजागी बाकडी आहेत. गुडघ्यांची काळजी नको.

चक्रधर७१, १२ मार्च

साखरआंबांशी निम्मा सहमत. क्युकेनहॉफ म्हणजे मांडलेली फुलं. शेतं बघायची तर गाडी हवी, आणि लिसेच्या (क्युकेनहॉफच्या गावाच्या) आसपास वीकेंडला गाडी घालू नका. त्यातून बोलनस्त्रेक या कंदांच्या पट्ट्यातला फुलांचा कॉर्सो ज्या शनिवारी नोर्डवाइकहून हार्लेमला निघतो, त्या दिवशी तर नाहीच. ४२ किलोमीटरची मिरवणूक, तुम्ही तिच्यामागे फर्स्ट गिअरमध्ये.

त्यापेक्षा वर जा. आल्कमारच्या पुढे स्खाखन, आना पावलोना हा पट्टा. क्षितिजापर्यंत लाल-पिवळे-जांभळे पट्टे आणि बघायला तुम्ही, एक शेतकरी आणि चार बगळे.

दोन गोष्टी मात्र पाळा. शेतात पाऊल टाकू नका, कडेच्या चरापलीकडूनच फोटो काढा. कंदांचे रोग बुटांना लागून एका शेतातून दुसऱ्यात जातात, आणि वाफे तुडवले गेले की त्या बिचाऱ्याचं नुकसान होतं. दुसरं म्हणजे घरच्यांना आधीच सांगून ठेवा की ही फुलं विकण्यासाठी नाहीत. फूल उमललं, जात शुद्ध आहे आणि रोग नाही याची खात्री झाली, की यंत्रानं मुंडकी उडवतात. सगळी ताकद कंदात उतरावी म्हणून. कंद निघतात जून-जुलैत. पैसा कंदाला आहे. सोमवारी पाहिलेलं शेत गुरुवारी नुसतं हिरवं दिसलं तर दचकू नका.

झुळूक_झीलंडची, १२ मार्च

धरणवाले सासरे आणि अजून कुणी झीलंड म्हटलं नाही? १९५३ सालच्या ३१ जानेवारीच्या रात्री समुद्र आत घुसला, १८३६ माणसं गेली. त्यानंतर यांनी जे डेल्टा वर्क्स बांधले, त्यातला सगळ्यात देखणा भाग म्हणजे ऑस्टरस्केल्डचा अडथळा: नऊ किलोमीटर, ६२ पोलादी दरवाजे, १९८६ मध्ये सुरू झाला. आधी ही खाडी कायमची बंदच करणार होते. मच्छीमार आणि पर्यावरणवाले अडून बसले, म्हणून दरवाजे आले. एरवी उघडे असतात आणि वादळात तेवढे लावतात. वरून गाडी जाते. मधल्या नेल्टये यान्स बेटावर प्रदर्शन आहे. औवरकेर्कला पुराचं संग्रहालय आहे, तेही पूर अडवायला वापरलेल्या काँक्रीटच्या महाकाय पेट्यांमध्येच. तिथून येताना मी तासभर कुणाशी बोलले नव्हते.

आणि झीलंडला ऊन जास्त असतं. हे आम्ही झीलंडवाले सगळ्यांना सांगतोच.

पोल्डरकर, १२ मार्च, रात्री

झुळूकताई, झीलंडला तोड नाही, पण आम्स्टेलवीनहून ते दुसरं टोक. शिवाय फुलं आणि पाणी एकाच फेरीत हवं असेल तर माझ्याकडे उत्तर आहे. जरा लांबण लावतो.

नकाशा उघडा. देशाच्या मधोमध जो निळा तुकडा दिसतो ते आयसेलमेर. आज गोड्या पाण्याचं तळं आहे, १९३२ पर्यंत समुद्र होता, झाउडरझी. कॉर्नेलिस लेली नावाच्या इंजिनियरनं १८९१ मध्येच आराखडा काढून ठेवला होता की याच्या तोंडाशी बांध घालू, आत पोल्डर (पाणी उपसून केलेली जमीन) करू. कुणी फार मनावर घेतलं नाही. जानेवारी १९१६ मध्ये मोठा पूर आला, तोवर लेली स्वतः मंत्री झाला होता, १९१८ मध्ये कायदा झाला. बांध पुरा होण्याआधी, १९२९ मध्ये तो गेला. त्याच्या नावाचं शहर आज जिथे आहे तिथे तेव्हा बोटी चालत होत्या.

तर या तळ्याला घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं चक्कर मारायची. तीनशे किलोमीटरच्या वर होतं, दोन दिवसांत आरामात. तळं सतत उजव्या हाताला.

शनिवार: आठला निघा. आल्कमार, आना पावलोना (चक्रधरची शेतं), मग डेन ऊवरला आफ्सलाउटडाइकवर, म्हणजे त्याच बांधावर, चढा. ३२ किलोमीटर सरळ रस्ता. गाडीतून एकाच बाजूचं पाणी दिसतं, कारण वाडन समुद्राच्या बाजूला बांधाचा माथा उंच आहे. म्हणून मधल्या स्मारकाच्या मनोऱ्याशी उतराच. १९३२ च्या २८ मे रोजी शेवटची फट इथेच बुजवली. मनोरा डुडॉक या वास्तुकाराचा. जिवंत राष्ट्र आपलं भविष्य बांधत असतं, अशा अर्थाचं वाक्य त्यावर कोरलंय. वर उभं राहिलं की एका बाजूला खारं, एका बाजूला गोडं.

नानांसाठी खास: डेन ऊवरला १५ आणि कोर्नवेर्डरझांडला १० दरवाजे आहेत. ओहोटीला समुद्राची पातळी तळ्याच्या खाली गेली की उघडतात, पाणी आपल्या पायानं बाहेर जातं. ओहोटीची वेळ बघून जा. कोर्नवेर्डरझांडच्या दरवाज्यांना लोरेन्ट्झचं नाव दिलंय, तोच भौतिकशास्त्रातला नोबेलवाला. बांध घातल्यावर बाहेरची भरती किती चढेल हे काढायला सरकारनं त्याला समितीवर बसवलं. गडी आठ वर्षं आकडेमोड करत होता.

पलीकडे फ्रीसलंड. लेमरला वाउडाखेमाल बघा, वाफेवर चालणारं पंपिंग स्टेशन, १९२० सालचं. आजही चालू स्थितीत आहे आणि पाणी फार चढलं तर खरोखर चालवतात. जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथून नॉर्डऑस्टपोल्डरमध्ये उतरा (अक्षरशः उतरा, रस्ता खाली जातो), मुक्काम एमेलोर्डला.

रविवार: पोल्डरमधला ट्युलिपचा मार्ग, पाट्या लावलेल्या असतात. स्खोकलांड आणि उर्क. मग लेलीस्टाड, हौट्रिबडाइक या दुसऱ्या बांधावरून एंखाउझन, आणि घर.

साखरआंबा, १३ मार्च

पोल्डरकर, सगळं झकास, पण रविवारी उर्क? दुकानं बंद, मासळीबाजार बंद, अख्खं गाव चर्चमध्ये. आपण कॅमेरे लटकवून हिंडायचं म्हणजे नको वाटतं. उर्क शनिवारीच घ्या. किंवा चक्कर उलट मारा.

पोल्डरकर, १३ मार्च

बरोबर आहे, माझ्याकडून ते निसटलं. उर्क शनिवारी संध्याकाळी. लेमरहून अर्ध्या तासाच्या आत आहे.

रानजाई, १३ मार्च

उलटी चक्कर शक्य नाही. आईंना फोनवर मार्ग सांगितला तर पहिला प्रश्न, "म्हणजे उजवीकडून प्रदक्षिणा का? मग ठीक." आता डावीकडून नेलं तर वर्षभर ऐकावं लागेल.

निवांत_नाशिककर, १४ मार्च

जरा थंड पाणी ओततो. सात वर्षांची मुलगी आणि दोन दिवस बांध, दरवाजे, पंप? आमच्या पोरांनी किंडरडाइकला चौथ्या पवनचक्कीनंतर संप पुकारला होता. एकूण १९ आहेत.

रानजाई, १४ मार्च

तिला बूट भिजतील एवढं पाणी आणि पोफर्ट्येस (इथले छोटे पॅनकेक) मिळाले की झालं. पण मुद्दा रास्त आहे, लक्षात ठेवते.

कावेरी_आइंडहोवन, १५ मार्च

थोडं अवांतर, पण याच धाग्यावर विचारते. आम्हाला इथे येऊन चार महिने झाले. भारतीय लायसन्सवर गाडी चालते ना?

चक्रधर७१, १५ मार्च

महापालिकेत नोंद झाल्यापासून १८५ दिवस चालतं. त्यानंतर नाही. ३०% रूलिंग (परदेशातून आणलेल्या नोकरदारांना मिळणारी करसवलत) असेल तर परीक्षा न देता भारतीय लायसन्स बदलून डच मिळतं, त्याच घरातल्या कुटुंबीयांनाही. तंदुरुस्तीचा दाखला आणि रूलिंगचं पत्र लागतं, वेळ जातो, आत्ताच कामाला लागा. रूलिंग नसेल तर लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा. प्रत्यक्षला खर्च आणि मनस्ताप दोन्ही भरपूर.

चालवताना तीन गोष्टी. पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, मग ती सायकल का असेना. रस्त्यावर पांढरे त्रिकोण दिसले आणि टोकं तुमच्याकडे असली तर थांबायचं तुम्ही. उजवीकडे वळताना मान मागे वळवून सायकल बघायचीच, नुसत्या आरशावर भरवसा नाही. दिवसा बहुतेक मोटरवेवर १०० ची मर्यादा आहे, काही तुकड्यांवर वेगळी, पाट्या बघा. काही ठिकाणी दोन कॅमेऱ्यांमधला सरासरी वेग मोजतात, तिथे कॅमेऱ्यापुरता ब्रेक दाबून उपयोग नाही.

गुळपोळी, १५ मार्च

भाड्याच्या गाडीवरून आठवलं. अनामत रकमेसाठी बऱ्याच ठिकाणी क्रेडिट कार्डच लागतं, तेही चालकाच्या नावाचं. आमचं डेबिट कार्ड काउंटरवरच्या मुलानं असं परत केलं जणू बनावट नोट दिलीय. शिवाय आधीपासून असलेल्या ओरखड्याचे पैसे मागितले, फोटो होते म्हणून सुटलो. घेताना गाडीचा व्हिडिओ काढाच.

आता ज्यावर कुणी बोलत नाही ते. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर सगळा प्रवास टॉयलेटभोवती आखावा लागतो. हायवेवर सुट्टे नाहीतर कार्ड लागतं, खेड्यात सार्वजनिक काही नसतं. उपाय म्हणजे तुइनसेंट्रम, ही मोठाली रोपवाटिकांची दुकानं. स्वच्छ टॉयलेट, बसायला कॅफे, ॲपल पाय, आणि आईंना कुंड्या बघायला मिळतात. बहुतेक रविवारीही उघडी. आम्ही अर्धा देश असाच पाहिला.

जेवणाचं: दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, कोरडी चटणी डब्यात ठेवा. बाहेर पॅनकेक घरं बरी पडतात, पण साधा मागितला नाही तर बेकनवाला येऊ शकतो. सूप "भाज्यांचं" असलं तरी त्यात मांसाचे छोटे गोळे असू शकतात, विचारून घ्या.

रानजाई, १५ मार्च

गुळपोळी, तुइनसेंट्रमसाठी साष्टांग. धागा वाचनखुणेत टाकलाय. जाऊन आलो की लिहिते.

रानजाई, २८ एप्रिल

आलो जाऊन! धागा वर काढतेय. ज्यांनी ज्यांनी सुचवलं त्यांनी आता वाचायचंच.

क्युकेनहॉफ बुधवारी बसनं उरकलं, साखरआंबा म्हणाली तसं आठला आत. आईंनी हायसिंथच्या वासाला दाद दिली ("आपल्या निशिगंधाच्या जवळ जातो, पण जरा उग्र"), नानांनी कारंज्याचा पंप कुठे आहे ते शोधलं. सगळे खूश.

शनिवारी निघालो तेव्हा आठ अंश आणि वारा. आना पावलोनाच्या अलीकडे पहिला मोठा पट्टा लागला, नुसता लाल. नवऱ्यानं कडेला जागा बघून गाडी लावली. शेजारच्याच शेतात मुंडकी छाटायचं यंत्र चालू होतं. पुढे उमललेली पिवळी फुलं, मागे नुसते देठ, आणि वाफ्यांमधल्या पट्ट्यात पाकळ्यांचा खच. चक्रधरनं सांगितलेलं मी आईंना सांगून ठेवलं होतं, तरी त्या चराच्या अलीकडे उभ्या राहून बराच वेळ बघत होत्या. "देवाला तरी वाहायची" एवढंच म्हणाल्या. मग शेतकऱ्यानं यंत्र थांबवून हात केला, आईंनी नमस्कार केला, त्यानंही तस्साच हात जोडून केला. लेकीनं त्याचा व्हिडिओ काढायला सांगितला, मी नाही काढला.

आफ्सलाउटडाइकवर गाडीत मला जरा कंटाळाच आला, खरं सांगते. एका बाजूला गवताची भिंत, एका बाजूला राखाडी पाणी. स्मारकाशी उतरलो आणि वर चढल्यावर कळलं पोल्डरकर काय म्हणत होते ते. वारा असा की नानांची कानटोपी उडाली ती थेट तळ्याच्या बाजूला, खाऱ्या पाण्यात नाही गेली याचंच त्यांना समाधान. बांध कशाचा केलाय हे त्यांनी तिथल्या फलकांवरून माझ्याकडून वाचून घेतलं: समुद्राच्या तळातून काढलेली दगड-गोट्यांची चिकणमाती, खाली विलोच्या फांद्यांच्या विणलेल्या भल्यामोठ्या चटया, दगड टाकून बुडवलेल्या. फांद्यांच्या चटयांवर ते खूप वेळ बोलत राहिले. आपल्याकडे मातीच्या बंधाऱ्याला कुडाचा आधार देतात तेच हे, फक्त समुद्रात, असं त्यांचं म्हणणं.

कोर्नवेर्डरझांडला ओहोटी गाठली होती. दरवाजे उघडे, तळ्याचं पाणी फेसाळत बाहेर चाललेलं. लेक म्हणाली, बाथटबचं बूच काढलंय. नाना म्हणाले, "बरोबर."

पण दिवस जिंकला लेमरच्या वाउडाखेमालनं. विटांची उंच चिमणी, आत गडद, चकचकीत, तेल पाजलेली यंत्रं. तिथल्या स्वयंसेवक आजोबांनी सांगितलं की हे मिनिटाला ४००० घनमीटर पाणी उचलतं. नानांनी खिशातून पेन काढलं, तिकिटाच्या मागे गुणाकार-भागाकार केला आणि जाहीर केलं, "तेवीसशे-साडेतेवीसशे क्युसेक." मग मला मराठीत, "उजनीतून आम्ही पावसाळ्यात याच्या कितीतरी पट सोडतो. पण आम्ही सोडतो ते खाली जातं. हे लोक रोज उचलून वर टाकतात. एक दिवस थांबले तर?" मी ते इंग्रजीत सांगितलं. आजोबा म्हणाले, आम्ही थांबत नाही. त्यानंतर दोघं अर्धा तास एकमेकांशी आपापल्या इंग्रजीत बोलत होते आणि आम्ही बाहेर पुऱ्या खाल्ल्या.

उर्क संध्याकाळी. १९३९ पर्यंत बेट होतं हे अजून अंगावर दिसतं, अरुंद गल्ल्या, सगळं एका टेकडावर चढलेलं. दीपगृहाजवळ समुद्रात गेलेल्या मच्छीमारांची नावं कोरलेली आहेत. वयंही. एकाच आडनावाची ओळ संपतच नाही. आई खाली बाकावर बसून राहिल्या. नवऱ्यानं किबलिंग (तळलेले माशाचे तुकडे) खाल्लं, आम्ही वास घेतला.

एमेलोर्डचं गेस्टहाऊस यथातथा, त्यावर वेळ घालवत नाही.

रविवारी ऊन पडलं. ट्युलिपच्या मार्गावर पाट्या बघत हिंडलो, गर्दी होती पण हलती. खरं सांगू का, तिसऱ्या शेतानंतर सगळी शेतं सारखी. मी जिच्यासाठी हा धागा वर काढलाय ती जागा स्खोकलांड. हेही बेट होतं. लाटांनी इतकं कुरतडलं की १८५९ मध्ये राजाच्या हुकमानं सगळी वस्ती उठवली. पुढे १९४२ मध्ये भोवतालचा समुद्रच आटवला. आता सपाट शेतांच्या मधोमध एक लांबुडका उंचवटा उरलाय, त्यावर चर्च. उत्तर टोकाला जुनं बंदर आहे. लाकडी खांबांचा धक्का, बोटी बांधायची जागा, आणि समोर गहू.

नाना धक्क्यावर उभे राहिले. उजनीच्या पाण्यात पळसदेवचं जुनं देऊळ गेलं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं, ते तुम्ही पाहिलं असेल. नाना त्या काळात तिथे होते. गावं उठवताना यादी करायचं काम काही दिवस त्यांच्याकडे होतं. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, नवऱ्यालाही नाही. तिथे त्या धक्क्यावर त्यांनी एका बाईची गोष्ट सांगितली, जी जात्याशिवाय घर सोडायला तयार नव्हती. जातं ट्रकमध्ये चढवायला चार माणसं लागली. "इथल्यांनी काय नेलं असेल?" म्हणाले. छोटं संग्रहालय आहे, तिथे त्यांनी तेच विचारलं. घरं बरीचशी पाडून टाकली असं कळलं. नानांनी मान डोलावली.

लेलीस्टाडला बटाव्हिया जहाजाची प्रतिकृती बाहेरूनच पाहिली, आत जायचं त्राण आईंमध्ये नव्हतं. शेजारच्या आउटलेटमध्ये जायचं मात्र होतं. हौट्रिबडाइकच्या एंखाउझनच्या टोकाला रस्ता पाण्याखालून जातो आणि वरून शिडाची बोट जाते. लेकीसाठी तीन वेळा मागे-पुढे केलं. घरी पोचलो तेव्हा सगळे मागे झोपलेले.

झुळूक_झीलंडची, २८ एप्रिल

जात्याच्या गोष्टीला काय बोलू. सुंदर लिहिलंयस.

तरी झीलंडला या.

निवांत_नाशिककर, २८ एप्रिल

मुलीनं संप केला नाही, मी माझे शब्द मागे घेतो. हौट्रिबडाइकबद्दल जाता जाता: तोही एका पोल्डरची कड म्हणूनच बांधला होता, १९७५ च्या सुमाराला पुरा झाला. मार्करवार्ड नावाचा पोल्डर व्हायचा होता. लोकांनी विरोध केला, वर्षानुवर्षं वाद चालला, शेवटी बासनात. बांध राहिला, पोल्डर नाही. आता त्याच पाण्यात २०१६ पासून पक्ष्यांसाठी गाळाची बेटं तयार केलीत, मार्कर वाडन. लेलीस्टाडहून बोट जाते. म्हणजे जमीन केलीच, फक्त माणसांसाठी नाही.

पोल्डरकर, २९ एप्रिल

नानांना माझा दंडवत सांगा. क्युसेकमध्ये वाउडाखेमाल अजून कुणी मोजला नसेल.

एंखाउझनला थांबला नाहीत हे मात्र पाप. झाउडरझीचं उघड्यावरचं संग्रहालय आहे, जुन्या झाउडरझीकाठच्या गावांतली घरं उचलून तिथे आणून मांडलीत, धुरात मासे लटकवलेले असतात. शिवाय आपला एक धागा तिथे आहे. यान हाउखन फान लिन्सखोटन, एंखाउझनचा. १५८० च्या दशकात गोव्यात आर्चबिशपच्या पदरी चिटणीस होता. आंबा, फणस, पोर्तुगीजांचे समुद्रमार्ग, सगळं बारकाईनं टिपून घरी आणलं आणि १५९६ मध्ये छापलं. सहा वर्षांत डच ईस्ट इंडिया कंपनी उभी राहिली, एंखाउझन तिच्या सहा कचेऱ्यांपैकी एक. या मंडळींची वखार पुढे वेंगुर्ल्याला आली, पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. माझं आजोळ तिथलंच. लहानपणी आम्ही त्या वखारीत लपाछपी खेळायचो.

कावेरी_आइंडहोवन, ३० एप्रिल

काय धागा झालाय! लायसन्सचं काम लावलंय, पण या मोसमात होणार नाही. ही चक्कर गाडीशिवाय जमेल का? आम्ही दोघंच, चालायची तयारी आहे.

साखरआंबा, ३० एप्रिल

अर्धी नक्की जमेल. आल्कमारहून लेउवार्डनला ३५० नंबरची बस जाते ती आफ्सलाउटडाइकवरूनच. लेउवार्डनहून स्टावोरनला ट्रेन. तिथून एंखाउझनला तळ्यातून बोट, सायकली घेते, गाड्या नाही. एंखाउझनहून आम्स्टरडॅमला थेट ट्रेन. एका लांब दिवसात होतं, आणि दिशाही आईंना चालेल अशीच आहे.

बोट मोसमी आहे, दिवसातून मोजक्याच फेऱ्या. शेवटची फेरी किती वाजता ते आधी बघा, बाकीचं सगळं तिच्याभोवती बसवा. स्टावोरनला चुकलात तर ट्रेननं पूर्ण वळसा घालून यावं लागतं. आणि डब्यात काहीतरी घ्याच, बोटीवर शाकाहारी म्हणजे चीज सँडविच.